कर्नल मेडोज टेलर : एका करारी शिपायाचें आयुष्य व त्याचें दीर्घ दुखणें

शिपायाची परीक्षा रणांगणांत होते असें आपण सहज बोलून जातों. परंतु ज्यांच्या घरीं एखादा म्हातारा पेन्शनर शिपाई पुष्कळ दिवस अंथरुणास खिळून होता, त्यांस ठाऊक आहे कीं ती परीक्षा कित्येक वेळां खाटेवर होते, आणि ती पहिलीपेक्षां कठीण असते. ज्यानें जन्मभर दुसऱ्यांस हुकूम दिला त्याला पाण्याच्या पेल्यासाठीं हांक मारावी लागते. ज्यानें घोड्यावरून मुलुख पालथा घातला त्याला उंबरठ्यापर्यंत जाण्यास मुलीचा खांदा लागतो. अशा वेळीं त्याचा करारीपणा घरच्यांस कधीं जाचतो, तर कधीं तोच करारीपणा त्याला तारून नेतो. ज्यांच्या आयुष्यांत हा करारीपणा आरंभापासून अखेरपर्यंत दिसून येतो, आणि ज्यांचा आमच्या बुलढाणें जिल्ह्याशीं ऐन बिकट प्रसंगीं संबंध आला, अशा एका शिपायाचें चरित्र आज आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

बुलढाणें हें गांव अजिंठ्याच्या डोंगररांगेवर, समुद्रसपाटीपासून दोन हजार फुटांहून अधिक उंचीवर वसलें आहे. भिल्लांचें ठाणें यावरून हें नांव पडलें असें सांगतात. घाटाखालीं मलकापूर, नांदुरें व खामगांव या बाजूची कपाशीची काळी जमीन, आणि घाटावर चिखली, मेहकर व देऊळगांव राजा येथील माळ व खोरीं, अशा दोन मुलुखांवर या गांवाची नजर आहे. १८५३ च्या तहानें निजामानें वऱ्हाड प्रांत कंपनीसरकारच्या कारभाराखालीं दिला, तेव्हां उत्तर वऱ्हाडाचें मुख्य ठाणें येथें करण्यांत आलें. या ठाण्यावर १८५७ सालीं जे अधिकारी आले, त्यांचें नांव फिलिप मेडोज टेलर. त्या वेळीं ते पन्नाशीच्या घरांत आले होते, आणि हिंदुस्थानच्या तापानें त्यांचें शरीर अनेकदां पोळून निघालें होतें.

त्यांचा जन्म २५ सप्टेंबर १८०८ रोजीं इंग्लंडांतील लिव्हरपूल शहरीं झाला. वडील व्यापारी होते. परंतु व्यापारांत खोट आली आणि घरची स्थिति खालावली. थोरल्या मुलाचें शिक्षण अर्धवट राहिलें व त्याला एका पेढीवर कारकुनीस बसविण्यांत आलें. पुढें पंधराव्या वर्षीं मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडे त्याची रवानगी झाली. वयांत आल्यावर तेथें भागीदारी मिळेल असें घरच्यांस आश्वासन होतें. १८२४ च्या सप्टेंबरांत मुलगा मुंबईस उतरून पाहतो तों ती पेढीच डबघाईस आलेली! भागीदारी तर दूरच, परंतु परमुलखांत पोट कसें भरावें ही पंचाईत. सुदैवानें आईकडील एक नातलग मुंबई सरकारांत मोठ्या हुद्यावर होते, त्यांनीं खटपट करून मुलाला निजामाच्या फौजेंत जागा मिळवून दिली. वयास सोळा वर्षें नुकतींच पुरीं झालीं होतीं. अशा वयांत तो औरंगाबादेकडे आपल्या पलटणीस जाऊन मिळाला.

येथें एक गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. निजामाच्या पदरची फौज आणि कंपनीसरकारची स्वतःची फौज यांत मोठा भेद मानीत असत. निजामाच्या चाकरींतील गोऱ्या अधिकाऱ्याला कंपनीच्या अधिकाऱ्याचा मान नसे, बढती नसे, आणि वजनदार माणसांचा आधारही नसे. टेलर यांनीं उणीं-पुरीं छत्तीस वर्षें चाकरी केली ती या दुय्यम पायरीवरून. त्यांच्यापेक्षां कमी अनुभवाचीं माणसें त्यांच्या डोक्यावरून पुढें गेलीं. ही सल त्यांच्या मनांत शेवटपर्यंत होती. परंतु त्यांनीं तिच्यापायीं काम टाकलें नाहीं. उलट जें शाळेंत मिळालें नाहीं तें त्यांनीं छावणींत स्वतः मिळविलें. हिंदुस्थानी, फारसी व मराठी या भाषा ते शिकले. जमिनीची मोजणी, बांधकाम व कायदा यांचा त्यांनीं अभ्यास केला. दुभाष्यावांचून रयतेचें म्हणणें ऐकावयाचें, हा त्यांचा निश्चय होता, आणि पुढें जें यश आलें त्याचें मूळ या निश्चयांत आहे.

थोड्याच वर्षांत त्यांस निजामाच्या राज्याच्या नैर्ऋत्य भागांत पोलिसखात्याचें काम मिळालें. त्या वेळची तुळजापूरची एक हकीकत त्यांनीं स्वतः लिहून ठेविली आहे. यात्रेकरूंनीं तक्रार केली कीं दुकानदार पिठांत वाळू मिसळतात आणि वजनांतही मारतात. या विशीच्या आंतल्या पोरसवदा अधिकाऱ्यानें पीठ विकणाऱ्या सर्वांस बोलाविलें आणि आपापल्या पिठाची भाकर आपणच खावी असा हुकूम केला. वाळूची भाकर खाण्याची पाळी आली तेव्हां सर्वांनीं हात जोडले. दंड भरावा लागला, पण दंडापेक्षां ती हंशा पिकविणारी शिक्षाच लोकांच्या लक्षांत राहिली. न्याय झाला आणि रक्त सांडलें नाहीं, ही त्यांची रीत तेव्हांपासूनची आहे.

याच काळांत ठगांचा छडा लागूं लागला. प्रवाशांशीं गोडीगुलाबीनें सलगी करून वाटेंत रुमालानें त्यांचा गळा आवळणाऱ्या टोळ्यांची माहिती टेलर यांच्या कानीं आली होती. परंतु तपास पुरा होण्यापूर्वींच त्यांस पलटणींत परत बोलावण्यांत आलें, आणि त्या कामाचें श्रेय मुख्यतः मध्यहिंदुस्थानांतील स्लीमन साहेबांस मिळालें. पुढें माफीचे साक्षीदार झालेल्या ठगांच्या जबान्या टेलर यांनीं ऐकल्या. तापानें प्रकृति मोडल्यामुळें ते रजेवर विलायतेस गेले, तेव्हां त्या माहितीच्या आधारें त्यांनीं एका ठगाची कबुली सांगणारी कादंबरी लिहिली. ती १८३९ सालीं प्रसिद्ध झाली, आणि व्हिक्टोरिया राणीनेंही ती उत्सुकतेनें वाचली. ठगांविषयीं त्या वेळीं जें जें लिहिलें गेलें तें सर्वच खरें होतें असें आजचे इतिहासकार मानीत नाहींत. सरकारी कागदांत भीतीनें व अज्ञानानें पुष्कळ भर घातली असें कित्येकांचें म्हणणें आहे. तरी हिंदुस्थानच्या रस्त्यांचें, बाजारांचें व माणसांच्या बोलण्याचें त्या पुस्तकांतील चित्र हें घरीं बसून रंगविलेलें नाहीं, इतकें कोणीही वाचून कबूल करील.

रजेहून परत आल्यावर १८४१ सालीं त्यांची नेमणूक शोरापूर संस्थानांत झाली. हें शोरापूर, म्हणजे सुरपूर, सध्यां कर्नाटकाच्या यादगीर जिल्ह्यांत आहे. तेथील राजे बेरड जातीचे, लढवय्ये व मानी. राजा वारला होता, वारस लहान होता, राणी ईश्वरम्मा व कारभारी यांच्यांत वितुष्ट होतें, निजामाची खंडणी थकली होती, आणि हजारों हत्यारबंद बेरड कोणाच्या हुकमाची वाट पाहत बसले होते. तेथें टेलर बारा वर्षें राहिले. त्यांच्यापाशीं फौज थोडी होती. त्यांनीं हिशेब तपासले, कर्जाचा निकाल लावला, रस्ते केले, बोनाळचें तळें मोठें करविलें, आणि सवड मिळेल तेव्हां जेवर्गीच्या बाजूस माळावरील प्राचीन दगडी थडगीं उकरून त्यांविषयीं निबंध लिहिले. दक्षिणेंतील त्या अतिप्राचीन थडग्यांचा पद्धतशीर अभ्यास ज्यांनीं आरंभींच्या काळांत केला त्यांत त्यांची गणना होते. टेकडीवर त्यांनीं बांधलेलें घर टेलर मंझिल या नांवानें ओळखलें जातें.

या सर्व उद्योगांत एका गोष्टीकडे आम्ही वाचकांचें विशेष लक्ष वेधतों. तो लहान राजा व्यंकटप्पा नायक त्यांच्या डोळ्यांसमोर वाढला, त्यांस अप्पा म्हणजे बाप म्हणूं लागला. टेलर यांची स्वतःची पत्नी मेरी, ही हैद्राबादचे सावकार विल्यम पामर यांची कन्या, याच वर्षांत वारली. मुली दूर विलायतेंत होत्या. घर रितें झालेल्या मनुष्याला तें परक्याचें मूल जवळचें वाटलें यांत नवल नाहीं. या नात्याचा शेवट कसा झाला तें पुढें येईल.

१८५३ सालीं राजा वयांत आला, टेलर यांनीं कारभार त्याच्या हातीं दिला, आणि त्याच वर्षीं निजामानें कंपनीकडे लावून दिलेल्या मुलुखांपैकीं नळदुर्ग जिल्हा त्यांच्याकडे आला. म्हणजे सध्यांच्या धाराशिव जिल्ह्याचा भाग. ज्या तुळजापुरांत त्यांनीं वाळूच्या पिठाचा न्याय केला होता तेथेंच ते पुन्हां आले, आणि वृद्ध लोकांनीं त्यांस ओळखलें. चार वर्षें त्यांनीं जमिनीची मोजणी, विहिरी, बंधारे व रस्ते यांत घालविलीं. मेडोज हें नांव रयतेच्या जिभेवर बसेना, म्हणून लोक त्यांस महादेवबाबा म्हणूं लागले. परक्या राज्याचा अधिकारी आणि त्याला नांव मिळालें तें आपल्या देवाचें! रयत कोणाला काय नांव देते यावरून तिचें मन कळतें.

इतक्यांत १८५७ सालचा उठाव झाला. मीरत, दिल्ली, कानपूर, लखनौ येथून बातम्या येऊं लागल्या. जुलईंत खुद्द हैद्राबादेंत रेसिडेन्सीवर हल्ला झाला. वऱ्हाडाच्या उत्तरेस सातपुड्यापलीकडचा मुलुख अस्वस्थ होता, निजामाच्या हद्दींत रोहिल्यांच्या टोळ्या फिरत होत्या, आणि वऱ्हाड गेलें तर दक्षिण पेटेल अशी भीति होती. तेव्हां रेसिडेंट कर्नल डेव्हिडसन यांनीं टेलर यांस थोडक्यांत हुकूम पाठविला. त्याचा आशय असा होता कीं, ताबडतोब वऱ्हाडांत जा आणि पापण्यांच्या जोरावर कां होईना पण तग धरून राहा. द्यावयास आमच्याजवळ शिपाई नाहींत, जें करितां येईल तें करा. हुकूम वाचून टेलर निघाले. नळदुर्गाची रयत त्यांस पोंचविण्यास आली तेव्हां पुष्कळांच्या डोळ्यांस पाणी आलें होतें.

बुलढाण्यास पोंचल्यावर त्यांनीं काय केलें? ज्या वाचकांस लढाईची हकीकत हवी असेल त्यांची येथें निराशा होईल. त्यांनीं रोजचा कारभार चालू ठेविला. आगगाडी तेव्हां वऱ्हाडांत आलेली नव्हती. घोड्यावरून गांवोगांव हिंडावें, पाटील, देशमुख व सावकार यांच्याशीं त्यांच्याच भाषेंत बोलावें, अर्ज ऐकावे, खोटी आवई उठली तर तिचा उगम शोधावा, आणि आपल्याला भय वाटत आहे असें कोणाच्या नजरेस येऊं देऊं नये. ज्या अधिकाऱ्याच्या मागें फौज असते त्यानें एखादा दिवस चुकीचा शब्द बोलला तरी निभावतें. ज्याच्या मागें कोणी नाहीं त्याला प्रत्येक शब्द मोजून बोलावा लागतो. जनरल व्हिटलॉक यांच्या मद्रासी फौजेला तोफा ओढण्यास बैल मिळेनात, तेव्हां ते बैलही वऱ्हाडांतून टेलर यांनींच मिळवून दिले. वीस लाखांवर वस्तीचा प्रांत आपण शिपायांवांचून शांत राखला, असा अभिमान त्यांनीं आपल्या आत्मचरित्रांत व्यक्त केला आहे.

या अभिमानाचें मोल आपण नीट तोलून पाहिलें पाहिजे. वऱ्हाड शांत राहिलें याचें सारें श्रेय एका मनुष्यास देणें न्यायाचें होणार नाहीं. हैद्राबादेंत दिवाण सालारजंग यांनीं निजामाचें राज्य उठावापासून अलिप्त ठेविलें, हें मोठें कारण होतें. ज्या राज्याची चाकरी टेलर करीत होते तें परक्यांचें राज्य होतें, आणि त्याच्याविरुद्ध जे उठले त्यांत प्राणावर उदार झालेलीं माणसें होतीं, हेंही आज स्वतंत्र देशांतील वाचकांस विसरतां येणार नाहीं. वऱ्हाडच्या बैलांनीं ओढलेल्या तोफा ज्या मोहिमेंत गेल्या तिच्याच अखेरीस बुंदेलखंडांतील किरवी येथील पेशव्यांच्या घराण्याचा खजिना लुटला गेला. तरीसुद्धां एवढें खरें कीं, त्या वर्षीं इतर ठिकाणीं जशीं गांवें जाळलीं गेलीं आणि झाडांवर माणसें टांगलीं गेलीं, तसें बुलढाण्याच्या घाटांत झालें नाहीं. मलकापूरच्या, चिखलीच्या शेतकऱ्यानें त्या वर्षीं पेरलें आणि कापलें. ज्यांच्या पूर्वजांचे प्राण वांचले ते आपण आहों.

परंतु जें बुलढाण्यास साधलें तें शोरापुरास साधलें नाहीं. १८५८ च्या आरंभीं बातमी आली कीं राजा व्यंकटप्पा नायक यानें उठाव केला, एक इंग्रज कप्तान मारला गेला, शोरापूर सरकारी फौजेनें घेतलें, आणि राजा पळून हैद्राबादेस गेला असतां पकडला गेला. टेलर यांस बुलढाणें सोडून पुन्हां शोरापुरास जाण्याचा हुकूम झाला. ज्या मुलाला त्यांनीं राज्य करावयास शिकविलें त्याच्याच राज्याची व्यवस्था लावण्याचें काम त्यांच्या वांट्यास आलें. तत्पूर्वीं ते तुरुंगांत त्याला भेटले. तो तरुण अप्पा, अप्पा म्हणत त्यांच्या गळ्यांत पडला. त्याला फांशीची शिक्षा झाली होती. ती कमी करून जन्मठेप झाली, आणि पुढें गव्हर्नर जनरलनीं तीही कमी करून चार वर्षांची कैद ठेविली. वागणूक चांगली दिसल्यास राज्य परत मिळण्याची आशाही होती. परंतु त्याला मद्रासकडे नेत असतां पहिल्याच मुक्कामाजवळ पहाऱ्यावरील अधिकाऱ्याच्या पिस्तुलाची गोळी लागून तो मरण पावला. त्यानें स्वतःच गोळी झाडून घेतली असें टेलर लिहितात. सुरपूरकडील कांहीं लोक आजही हें खरें मानीत नाहींत. त्याच्या जन्मपत्रिकेंत चोविसाव्या वर्षीं घात आहे असें राणीनें फार पूर्वीं टेलर यांस गुप्तपणें सांगितलें होतें. पत्रिकेवर त्यांचा विश्वास होता असें नाहीं. परंतु जें त्यांनीं मनांत इतकीं वर्षें दडवून ठेविलें होतें तें डोळ्यांदेखत घडलें, आणि त्याचा घाव त्यांच्या लिखाणांत स्पष्ट दिसतो.

आमच्या मतें या ठिकाणीं त्यांच्या जीवनाची खरी दुखरी जागा आहे. करारी मनुष्याला असें वाटतें कीं आपण नीट वागलों, कष्ट केले, माया लावली, म्हणजे सर्व नीट होईल. बुलढाण्यांत तसें झालें. शोरापुरांत तोच मनुष्य, तीच रीत, आणि अधिक माया असूनही तसें झालें नाहीं. एका संस्थानावर परक्या सरकारचा दाब, दुसऱ्या बाजूस देशांत उसळलेली लाट, आणि मध्यें एक मानी तरुण. तेथें पालकाची माया पुरी पडली नाहीं. आपल्या मंडळ्यांत कित्येक आईबाप असे आहेत कीं ज्यांनीं एका मुलाच्या बाबतींत यश पाहिलें आणि दुसऱ्याच्या बाबतींत डोळ्यांतून पाणी काढलें. त्यांस ही गोष्ट समजावून सांगण्याची गरज नाहीं.

यानंतर टेलर यांचें शरीर खचलें. १८६० सालीं त्यांस चाकरी सोडून विलायतेस जावें लागलें. त्याच वर्षीं नव्या तहानें शोरापूर निजामास दिलें गेलें, नळदुर्ग व धाराशिवचा मुलुखही निजामाकडे परत गेला. म्हणजे ज्या ज्या भूमीवर त्यांनीं घाम गाळला त्यांपैकीं वऱ्हाड तेवढें इंग्रजी कारभाराखालीं उरलें. वारंवार आलेले ताप, उन्हांतील प्रवास आणि मनाची ओढाताण यांचा परिणाम डोक्यावर झाला. कांहीं काळ वाचणें-लिहिणें बंद पडलें. बावन्न वर्षांचा, छत्तीस वर्षें हुकूम दिलेला मनुष्य खोलींत बसून राहिला. चाकरींतून परत आलेल्या पुष्कळ शिपायांची अशी दशा होते. काम संपतें, ओळख संपते, आणि जुन्या गोष्टी ऐकावयास कोणी नसतें. मग मनुष्य एक तर चिडका होतो, नाहीं तर मुका होतो.

टेलर यांनीं तिसरी वाट धरली. प्रकृति थोडी सांवरतांच त्यांनीं लेखणी हातीं घेतली, आणि जो देश सोडून आले त्याच्याविषयींच लिहावयाचें ठरविलें. आयर्लंडांतील डब्लिनजवळ एका घरीं त्यांनीं वस्ती केली. १८६३ सालीं तारा ही मोठी कादंबरी प्रसिद्ध झाली. तिची नायिका तुळजापुरच्या व्यासशास्त्री नांवाच्या ब्राह्मणाची बालविधवा कन्या असून कथेचा काळ १६५७ च्या सुमाराचा, म्हणजे शिवाजी महाराज व अफझलखान यांचा आहे. त्यानंतर १७५७ च्या प्लासीच्या काळावर राल्फ डार्नेल ही कादंबरी १८६५ सालीं, आणि १८५७ च्या उठावावर सीता ही कादंबरी १८७२ सालीं आली. शंभर शंभर वर्षांच्या अंतरानें हिंदुस्थानच्या इतिहासाचीं तीन वळणें दाखवावीं, हा त्यांचा बेत होता आणि तो त्यांनीं तडीस नेला. मध्यंतरीं १८७० सालीं विद्यार्थ्यांसाठीं हिंदुस्थानचा इतिहासही लिहिला. १८६९ सालीं सरकारनें त्यांस सी. एस. आय. हा किताब दिला. मान उशिरां मिळाला. परंतु त्या वेळेपर्यंत त्यांनीं मानाची वाट पाहणें सोडून दिलें होतें असें दिसतें.

सीता या पुस्तकांत एका हिंदु विधवेशीं एक इंग्रज अधिकारी विवाह करितो. उठावानंतरच्या त्या कडवट दिवसांत, जेव्हां पुष्कळ इंग्रज लेखक हिंदी माणसांविषयीं द्वेषानें लिहीत होते, तेव्हां असें पुस्तक लिहिणें ही लहान गोष्ट नव्हती. ज्यानें १८५७ सालीं शिपायांवांचून एक प्रांत राखला, आणि ज्याचा मानलेला मुलगा त्याच धामधुमींत गेला, त्याच्या मनांत सूड शिल्लक राहिला नाहीं, याची ही साक्ष आहे.

पुढें डोळे जाऊं लागले. लेखकाचे डोळे जाणें म्हणजे शिपायाचा उजवा हात जाणें होय. या काळांत त्यांची कन्या ॲलिस ही त्यांची दृष्टि झाली. आत्मचरित्र लिहून पुरें झालेलें होतें. शेवटची कादंबरी, अहमदनगरच्या चांदबिबीविषयींची, हीही त्यांनीं हातावेगळी केली. चरित्रकार मोठ्या माणसाचें नांव लिहितात, आणि जिनें त्याच्या खोलींत वर्षानुवर्षें बसून औषध दिलें, वाचून दाखविलें व कागद नीट लावले तिचें नांव एका ओळींत संपवितात. आम्ही तसें करूं इच्छीत नाहीं. बापाच्या मृत्यूनंतर १८७७ सालीं त्याचें आत्मचरित्र छापून काढलें तें ॲलिसनेंच. ती नसती तर बुलढाण्याची ही हकीकत इतक्या विस्तारानें आपणांपर्यंत पोंचली नसती.

१८७५ सालीं वैद्यांनीं सल्ला दिला कीं हिंवाळा उष्ण देशांत काढावा. सालारजंग यांच्याकडून आमंत्रण आलें होतें. दुसऱ्या कोणी म्हाताऱ्यानें दक्षिण युरोपांत एखादें बंदर पाहिलें असतें. टेलर यांनीं हैद्राबाद पसंत केलें. वय सदुसष्ट, दृष्टि गेलेली, शरीर जर्जर, आणि समुद्राचा प्रवास! घरच्यांनीं कितीही समजाविलें असतें तरी अशी माणसें ऐकत नाहींत. ज्या शहरांतून सोळा वर्षांच्या वयापासून चाकरीचे हुकूम आले त्या शहरांत ते पुन्हां एकदां गेले. डोळ्यांनीं कांहीं दिसत नव्हतें. परंतु बाजारांतली बोली, अजानीचा सूर, पहिल्या पावसाच्या आठवणीची माती, हीं ओळखण्यास डोळे लागत नाहींत. तेथें त्यांस जंगली तापानें पुन्हां गांठलें. परत जातांना वाटेंत, फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील मेंटन या गांवीं, १३ मे १८७६ रोजीं त्यांचा अंत झाला. ज्या देशानें त्यांस पहिला ताप दिला त्याच देशाचा ताप अखेरीस त्यांस घेऊन गेला.

हा शेवटचा प्रवास शहाणपणाचा होता काय, असें कोणी विचारील. शरीराच्या हिशेबानें नव्हता. परंतु आजारी मनुष्याचें हित कशांत आहे याचा हिशेब केवळ शरीरावरून करितां येत नाहीं. आम्हीं आमच्या सेवेंत पुष्कळ आजाऱ्यांच्या खाटेजवळ रात्री काढल्या आहेत. एका वृद्ध पेन्शनराची आठवण येथें सांगतों. तो कित्येक महिने पडून होता. मुलें त्याला उठूं देत नसत, आणि तो रोज सकाळीं आपल्या शेताच्या बांधापर्यंत नेण्याचा हट्ट धरी. मुलांनीं आम्हांस मध्यस्थीस बोलाविलें. आम्हींही मुलांचीच बाजू घेतली, आणि त्याला निजून राहण्याचा उपदेश केला. त्यानें आमचें ऐकलें. पुढें थोड्याच दिवसांनीं तो गेला. बांध त्याला दिसला नाहीं. उपदेश चुकीचा होता असें आजही आम्हांस म्हणवत नाहीं, परंतु टेलर यांचा हैद्राबादचा प्रवास वाचतांना तो म्हातारा आमच्या डोळ्यांपुढें येतो, आणि एक बैलगाडी जुंपून घेणें इतकें कठीण नव्हतें असें मनाला लागून राहतें.

तेव्हां ज्यांच्या घरीं असा करारी आजारी असेल त्यांस आमची विनंति आहे कीं, त्याच्या प्रत्येक हट्टास वेड समजूं नये. त्यांतील कांहीं हट्ट खरोखर घातक असतात आणि ते प्रेमानें मोडावे लागतात. परंतु कांहीं हट्टांत त्या मनुष्याचें सारें आयुष्य गोळा झालेलें असतें. त्याच्याजवळ बसून जुनी गोष्ट पुन्हां एकदां ऐकावी. ती शंभर वेळां ऐकली असली तरी ऐकावी, आणि घरांत लिहिणारें मूल असेल तर त्याच्याकडून ती उतरवून घ्यावी. ॲलिस टेलरनें आपल्या बापासाठीं जें केलें तें आपल्या खेड्यांतील सातवी शिकलेली मुलगीही आपल्या आजोबांसाठीं करूं शकते. लष्करांतून, रेल्वेंतून, शेतांतून आलेल्या अशा किती गोष्टी खाटेवरच विरून जातात!

आणि जे स्वतः आजारी आहेत, ज्यांस वाटतें कीं आपलें काम संपलें, त्यांनीं हें ध्यानांत आणावें. मेडोज टेलर यांचें नांव जगांत राहिलें तें मोठ्या हुद्यामुळें नव्हे, कारण हुद्दा त्यांस कधीं फार मोठा मिळालाच नाहीं. तें नांव राहिलें त्यांच्या पुस्तकांमुळें, आणि त्यांतील बहुतेक पुस्तकें त्यांनीं वैद्यांनीं काम सोडावयास लावल्यानंतरच्या सोळा वर्षांत लिहिलीं आहेत. बुलढाण्याच्या डोंगरावर त्यांचा पुतळा नाहीं, आणि घाटानें एस. टी. मधून येणाऱ्या-जाणाऱ्या हजारों लोकांपैकीं त्यांचें नांव जाणणारे थोडेच असतील. त्यानें कांहीं बिघडत नाहीं. घाटाखालीं शेतें हिरवीं दिसतात. ज्या वर्षीं तीं जळून गेलीं असतीं त्या वर्षीं तीं जळलीं नाहींत, आणि त्या न घडलेल्या गोष्टींत एका थकलेल्या शिपायाचाही थोडा वांटा आहे, एवढें आमच्या वाचकांनीं लक्षांत ठेवावें.